डोक्यातल्या उवा आणि घरचे कुत्रे



ऊस सोडून हा माणूस उवांवर काय लिहू लागला, असे काहींना वाटेल. पण कारण तसेच घडले. मागच्या हंगामात लागणीच्या नोंदी घेत हिंगणघाट भागात फिरत होतो. एका सभासदाकडे चहाला बसलो, तर घरात वेगळीच गडबड. पोरीच्या डोक्यात उवा झालेल्या. कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधलेली आणि पायरीवर फवारणीच्या औषधाची बाटली.

"साहेब, या कुत्र्यापासूनच झाल्या उवा. याले आता वणेच्या पल्याड सोडून येतो. अन् पोरीच्या डोक्याले थोडं औषध चोळतो."

यातली पहिली गोष्ट चुकीची आहे, आणि दुसरी जिवावर बेतणारी.

आधी पहिली पाहू. माणसाची ऊ माणसाच्याच रक्तावर जगते. तिच्या पायाच्या नख्या माणसाचा केस पकडण्याजोग्या असतात. कुत्र्याच्या अंगावर ती टिकत नाही. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. कुत्रा, शेळी, कोंबडी, म्हैस, आपल्या वर्धा जिल्ह्याचा गवळाऊ बैल, यांच्या अंगावरच्या उवा वेगळ्या. बैल धुताना एखादी हातावर चढेल, पण माणसाच्या डोक्यात वस्ती करणार नाही.

पिकातच पाहा ना. कपाशीची गुलाबी बोंडअळी धुऱ्याच्या पलीकडच्या उसात शिरत नाही. २००२ साली सांगलीकडे लोकरी मावा आला, त्याने उसाचे फड खराब केले, पण शेजारच्या सोयाबीनला तो शिवला नाही. ज्याचे त्याचे पीक ठरलेले.

मग पोरीच्या डोक्यात उवा आल्या कुठून? दुसऱ्या डोक्यातून. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. शाळेतला बाक, एका अंथरुणावर झोपलेली भावंडे, क्वचित एकच फणी किंवा टॉवेल. यात अस्वच्छतेचा दोष नाही; रोज न्हाणाऱ्या पोरीलाही उवा होतात.

कुत्र्यापासून काहीच येत नाही असे मात्र नाही. पिसवा माणसाला चावतात, गोचीड चिकटते, कुत्र्याच्या खरजेने काही दिवस खाज सुटते. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

आता दुसरी गोष्ट. शेतातले कीटकनाशक कातडीतून अंगात भिनते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, हे आपण विसरलो नाही. मोठ्या माणसांची ही गत, तर लेकराच्या डोक्यावर, त्यातही खाजवून झालेल्या जखमांवर, ते चोळले तर काय होईल? गॅमेक्सीन पावडरही अनेक घरांत वापरात होती. त्या बीएचसीवर १९९७ साली देशात बंदी आली. रॉकेलही नको. चुलीजवळ भडका उडतो.

मग करायचे काय?

१. केस ओले करून तेल लावावे आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून विंचरावे. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन-तीन आठवडे.

२. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावी. ज्यांना उवा असतील त्या सर्वांवर त्याच दिवशी उपाय करावा. एकाच सरीत फवारून बाकीचा फड सोडला तर कीड हटते का?

३. औषध लागलेच तर डोक्यासाठीचेच, दवाखान्यात विचारून घ्यावे. लीख साधारण सात ते दहा दिवसांत फुटते आणि औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून नऊ-दहा दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो.

४. फण्या गरम पाण्यात बुडवाव्या; उशीच्या खोळी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्या.

त्या सभासदाने बाटली परत कुलपात ठेवली आणि शेजारून फणी मागवली. नंतर गेलो तेव्हा कुत्रा अंगणातच होता आणि पोरगी त्याला भाकर घालत होती.

फवारणीचे औषध शेतासाठी आहे. ते लेकरांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवा, एवढी विनंती.

— ऊस विकास अधिकारी