छापील दुर्मीळतेची शहानिशा

अमेरिकेतील बेसबॉलचे संघ हिवाळ्याची विश्रांती आटोपून सरावासाठी फ्लोरिडा आणि ॲरिझोनाकडे प्रस्थान ठेवतात, त्याच फेब्रुवारीच्या सुमारास टॉप्स कंपनीची ‘सिरीज वन’ ही खेळाडूंच्या कार्डांची वार्षिक मालिका दुकानांत दाखल होते, आणि अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच अशा पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी भरलेला तो मोहोरबंद खोका मिळविण्यासाठी शाळकरी मुलांपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत सारे उत्सुक असतात. खोका फोडणे हे थोड्या वेळाचे काम आहे. परंतु त्यातून जे निघाले त्याचे यथार्थ मूल्यमापन करणे ही एक विद्या आहे. कार्डावर छापलेली दुर्मीळता आणि कार्डाची खरी योग्यता या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या विद्येचे पहिले सूत्र. त्यांची गल्लत करणाऱ्याचा हिशेब हटकून चुकतो.

पूर्वी ही दुर्मीळता कोणी योजून निर्माण करीत नसे. ती उपेक्षेतून आपोआप निपजत असे. १९५२ साली ब्रुकलिनच्या टॉप्स या च्युइंगगम विकणाऱ्या कंपनीतून साय बर्गर यांच्या कल्पकतेने ४०७ कार्डांचा जो संच निघाला, त्यातील अखेरचा हप्ता हंगाम सरता सरता बाजारात आल्यामुळे फारसा खपला नाही, आणि गोदामात अडगळ होऊन बसलेली ती शिल्लक आपण १९६० साली पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडविली, असे बर्गर यांनीच पुढे सांगितले. त्याच हप्त्यातील ३११ क्रमांकाचे, मिकी मँटल या खेळाडूचे एक जवळजवळ निष्कलंक कार्ड २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना गेले. मुलांनी हाताळून झिजविलेली, सायकलीच्या आऱ्यांत अडकविलेली आणि आवराआवरीत केरात गेलेली कार्डे नष्ट झाली, म्हणूनच उरलेल्यांना हे मोल आले.

जुन्या कार्डांना चढे भाव येऊ लागल्याचे १९८० नंतरच्या दशकात सर्वांच्या ध्यानी आले, आणि तेथून या व्यवहाराची प्रकृती पालटली. १९८१ साली फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्यांनी टॉप्सची मक्तेदारी मोडली, १९८९ साली अपर डेक त्यांना येऊन मिळाली, छापखाने अहोरात्र चालू लागले. आणि विकत घेणाऱ्या प्रत्येकाने भावी संपत्ती म्हणून कार्डे जपून ठेवल्यामुळे त्या काळचा बहुतेक माल आजही सुस्थितीत, विपुल आणि म्हणूनच जवळजवळ कवडीमोल असा घरोघरी पडून आहे. १९९४ सालच्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सीरिज ही हंगामाची अंतिम लढतही रद्द झाली, तेव्हा या धंद्याला आणखी एक तडाखा बसला. त्याआधीपासूनच विपुलतेने बुडू लागलेल्या या व्यापाराला सावरण्यासाठी कंपन्यांनी दुर्मीळता कारखान्यातच घडविण्याचा मार्ग पत्करला: १९९३ साली टॉप्सच्या ‘फाइनेस्ट’ मालिकेत प्रकाश पडताच इंद्रधनुष्यासारखी झळकणारी ‘रिफ्रॅक्टर’ कार्डे आली, आणि पुढे कार्डावर प्रतींची मर्यादा व त्या प्रतीचा अनुक्रम छापण्याचा शिरस्ता पडला.

आजचा खोका हे त्याच शिरस्त्याचे अपत्य आहे. उदाहरणादाखल २०२४ सालच्या ‘सिरीज वन’चा ‘हॉबी’ खोका, म्हणजे संग्राहकांच्या खास दुकानांसाठीचा खोका, घ्यावा. त्यात प्रत्येकी १२ कार्डांची २० पाकिटे, म्हणजे एकंदर २४० कार्डे असतात, आणि त्यांत खेळाडूची स्वाक्षरी असलेले किंवा त्याच्या पोशाखाचा अथवा बॅटीचा तुकडा जडविलेले एक कार्ड देण्याची हमी असते. मूळ संच ३५० कार्डांचा असल्यामुळे एका खोक्यातून तो पुरा होणे अशक्यच. बहुसंख्य कार्डे या मूळ संचातील साधी, म्हणजे ‘बेस’. काही ‘इन्सर्ट’, म्हणजे मूळ संचाबाहेरची निराळ्या धाटणीची कार्डे, ज्यांत १९८९ सालच्या जुन्या धाटणीची नव्याने छापलेली कार्डेही आली. आणि काही ‘पॅरलल’, म्हणजे तेच चित्र पण निराळ्या रंगाच्या चौकटीत. सोनेरी चौकटीच्या प्रती सालाइतक्या, म्हणजे २०२४. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या स्मरणार्थ काढलेल्या ७६. मातृदिनाच्या गुलाबी ५०. आणि सर्वांत वर, ज्याची दुसरी प्रत नाही असे एकुलते एक कार्ड. कोणता प्रकार सरासरीने किती पाकिटांमागे निघावा, हे प्रमाण कंपनी जाहीर करते, आणि खरेदीपूर्वी ते न वाचणे म्हणजे दस्तऐवज न वाचता त्यावर सही करणे होय.

मोजदाद करताना घाई नसावी. हात कोरडे व स्वच्छ असावेत, कार्ड कडांनी धरावे, आणि चकाकणारे कार्ड हाती येताच त्याला पातळ प्लॅस्टिकच्या आवरणात घालून मग कठीण ‘टॉपलोडर’मध्ये ठेवावे. नंतर कार्डांची वर्गवारी करावी: नवागत खेळाडू एकीकडे काढावेत, कारण ‘आरसी’ हे चिन्ह धारण करणाऱ्या त्यांच्या कार्डांनाच पुढे मागणी येते, आणि २०२४ च्या या मालिकेत एली दे ला क्रूझ व जॅसन डोमिंगेझ असे नवागत होते. अनुक्रमांक छापलेली कार्डे दुसरीकडे. आणि साध्या भासणाऱ्या कार्डांच्या पाठीवर, तळाशी, बारीक अक्षरांत जो सांकेतिक आकडा असतो तो तपासावा, कारण निराळे छायाचित्र असलेली दुर्मीळ आवृत्ती पुष्कळदा त्यावरूनच ओळखू येते.

यानंतर कार्डाच्या भौतिक स्थितीची परीक्षा. चौकटीचा समतोल, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग ही तिची चार अंगे होत. चारी बाजूंचे समास सारखे आहेत काय, कोपऱ्यावर पांढुरका ठिपका आहे काय, कार्ड दिव्याखाली तिरपे धरले असता छपाईची रेघ वा ओरखडा दिसतो काय, हे पाहावे. पाकिटातून नुकतेच निघालेले कार्डही निर्दोष असतेच असे नाही. १९९१ साली स्थापन झालेली पीएसए आणि तिच्यासारख्या अन्य संस्था शुल्क घेऊन अशी परीक्षा करतात व एक ते दहा गुण देऊन कार्ड प्लॅस्टिकच्या कुपीत मोहोरबंद करतात. आधुनिक कार्डांत दहा गुणांचे आणि नऊ गुणांचे कार्ड यांच्या भावांत मोठे अंतर असल्यामुळे शुल्क, टपालखर्च आणि प्रतीक्षा यांचा जमाखर्च आधी मांडून मगच कार्ड पाठवावे.

भाव ठरविताना विक्रेता काय मागतो यापेक्षा तसेच कार्ड नुकतेच कितीला विकले गेले हाच ग्राह्य दाखला. मालिका निघाल्यावर पहिल्या काही दिवसांत माल थोडा आणि उत्सुकता अधिक असते. पुढे सर्वत्र खोके फुटू लागले की भाव बहुधा उतरतात. आणि सर्वांत मोठी अनिश्चितता तर छापखान्याच्या सर्वस्वी बाहेर, मैदानावर असते. २०२४ च्या मे महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याने पदार्पण केले. त्या दिवशी त्याच्या बाहीवर असलेले पदार्पणाचे बोधचिन्ह आणि त्याची स्वाक्षरी यांनी युक्त असे एकुलते एक कार्ड नाताळात लॉस एंजेलिस परिसरातील एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटातून निघाले. तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ करूनही संघाला ते मिळाले नाही, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते लिलावात ११ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. एकुलत्या एक प्रती कंपनी पुष्कळ छापते. या एका प्रतीला हे भाग्य लाभले, कारण स्कीन्सने त्याच हंगामात आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवागताचा मान मिळविला होता.

म्हणून खोका घेणाऱ्याने आपला हेतू आधी निश्चित करावा. ज्याला एखादे विशिष्ट कार्ड हवे असेल त्याने ते सुटे विकत घ्यावे, कारण खोक्यातून निघालेल्या सुट्या कार्डांची बेरीज बहुतेक वेळा खोक्याच्या किमतीपर्यंत पोहोचत नाही. ज्याला त्या हंगामाचा परिचय करून घ्यायचा असेल त्याने मात्र खोका अवश्य फोडावा, आणि बाजार ज्यांना किंमत देत नाही ती शे-दोनशे साधी कार्डेही उलटून वाचावीत. खेळाडूचे जन्मस्थान, त्याने बदललेले संघ आणि त्याच्या वर्षानुवर्षांच्या कामगिरीचे आकडे त्यांच्या पाठीवर असतात. असे वाचन करणाऱ्यालाच नवागतांपैकी कोण टिकेल याचा काही अदमास बांधता येतो, आणि कार्डांच्या मूल्यमापनाला याहून भक्कम पाया नाही.