चौकातला निर्णय चौकातच!

पुणे, प्रतिनिधी - शहर 'स्मार्ट' करायचे म्हणजे चौकाचौकांत कॅमेरे आणि खांबाखांबांवर संवेदक बसवायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र, या यंत्रांतून अहोरात्र वाहणाऱ्या माहितीचे करायचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. ती सारी दूरच्या सर्व्हरकडे पाठवून उत्तराची वाट पाहायची, की जिथे माहिती निर्माण होते तिथेच तिचा निकाल लावायचा? यातील दुसऱ्या मार्गाला 'एज' आणि 'फॉग' कम्प्युटिंग म्हणतात.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या २० शहरांत पुण्याची दुसऱ्या क्रमांकाने निवड झाली. शहरातील २०१० आणि २०१२ च्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांसाठी बाराशेहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे त्याआधीच उभे राहिले होते. पुढे शंभरहून अधिक चौकांत गर्दीनुसार वेळ बदलणारे सिग्नल आले.

माहितीचा पूर

सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने चित्रण पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट माहिती तयार करतो. असे हजार कॅमेरे धरले, तर हा आकडा रोज ४३ टेराबाइटवर जातो. त्यातील बहुतांश चित्रण रिकाम्या रस्त्याचे किंवा सुरळीत वाहतुकीचे असते. हेच चित्रण कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या संगणकाने तपासले आणि 'अमुक मिनिटात इतकी वाहने' एवढेच कळवले, तर काही ओळींत काम भागते.

मुकादम ते आयुक्त

ही रचना पुणेकरांना अपरिचित नाही. गल्लीतला कचरा उचलण्यासाठी आयुक्तांच्या आदेशाची गरज नसते. आरोग्य कोठीवरचा मुकादम ते काम करून घेतो. त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न महापालिकेच्या १५ क्षेत्रीय कार्यालयांपैकी संबंधित कार्यालयाकडे जातो. धोरण आणि अंदाजपत्रक तेवढे महापालिका भवनात ठरते.

'एज' म्हणजे हा मुकादम: कॅमेऱ्यातील किंवा सिग्नलच्या पेटीतील संगणक. 'फॉग' म्हणजे क्षेत्रीय कार्यालय: परिसरातील काही चौकांची माहिती एकत्र करून रुग्णवाहिकेला सलग हिरवा दिवा देऊ शकणारा जवळचा सर्व्हर. 'क्लाउड' म्हणजे मुख्यालय. 'फॉग' हा शब्द अमेरिकेतील सिस्को कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये रूढ केला. ढग जमिनीलगत उतरला की धुके होते, हा त्यामागचा साधा अर्थ.

कसोटी पुराच्या रात्री

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. त्या पावसाने शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक बळी घेतले. अशा रात्री वीज जाते, केबल तुटतात आणि मुख्यालयाशी संपर्क नेमका तेव्हाच खंडित होतो. कात्रजच्या बाजूला पाण्याची पातळी मोजणारा संवेदक बॅटरीवर चालत असेल आणि खालच्या वस्तीतील भोंग्याशी रेडिओने थेट जोडलेला असेल, तर इंटरनेट बंद पडूनही इशारा पोहोचू शकतो. येथे जवळच्या संगणकाचा लाभ केवळ खर्चाच्या बचतीचा नसून जिवाचा आहे.

अर्थात, प्रत्येक माहितीला ही घाई नसते. पाणीमीटरची नोंद दिवसातून एकदा केंद्राकडे गेली तरी बिघडत नाही. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज वर्तवणारी, पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' यंत्रणा तर मोठ्या संगणकांवाचून चालणारच नाही.

देखभालीचे काय?

या पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे खासगीपण. वाहनांची केवळ संख्या पुढे गेली, तर नागरिकांचे चेहरे साठवण्याचे कारण उरत नाही. परंतु, एका सुरक्षित सर्व्हरऐवजी शेकडो पेट्या ऊन-पावसात रस्त्यावर उभ्या राहतात. प्रत्येकीला वीज, दुरुस्ती आणि सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती लागते. दुर्लक्षित राहिलेली एक पेटीही घुसखोरांना साऱ्या जाळ्याचे दार उघडून देऊ शकते.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. त्यामुळे उभारलेल्या यंत्रणा सांभाळण्याचा भार आता स्थानिक यंत्रणांवरच आहे. यापुढच्या निविदांत कॅमेरे किती, याबरोबरच कोणता निर्णय कुठे होणार आणि जोडणी तुटल्यावर काय चालू राहणार, हेही स्पष्ट लिहिलेले असायला हवे. शहराची हुशारी त्या उत्तरांवरून ठरेल.