न हलणारा ग्लो प्लग

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीला स्थानच नाही. ऑग्सबुर्ग येथे १८९७ साली रुडॉल्फ डीझेल ह्याने जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्वच असे की, सिलिंडरमधील हवा इतकी दाबावयाची की ती दाबानेच तापावी आणि तीत फवारलेले तेल आपोआप भडकावे. इंजिन ऊन असते तोवर ह्या व्यवस्थेत काही उणे भासत नाही. परंतु थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन गारठून गेलेले असते. दाबलेल्या हवेची ऊब ते तत्काळ शोषून घेते आणि तेल पेटत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये धातूची एक बारीक कांडी बसविलेली असते. तिच्यातून वीज खेळविली की काही सेकंदांत तिचे टोक ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापून लाल होते. हाच ग्लो प्लग होय. गॅरेजातील कारागीर त्याला हीटर प्लग म्हणतात, आणि ते नाव अधिक बोलके आहे.

पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ च्या अखेरीस पुढे आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनात तेल प्रथम एका लहान उपकक्षात फवारले जाई. त्या गाडीला गार इंजिनावर हीटरवाचून भागत नसे. २००७ साली आलेल्या डिझेल स्विफ्टमध्ये तेल थेट सिलिंडरमध्येच जाते. अशी गाडी मुंबईसारख्या उबदार हवेत एखाददुसरा प्लग मेलेला असतानाही निमूटपणे सुरू होते. मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे बदलीच्या निमित्ताने तीच गाडी सिमल्याला किंवा दिल्लीला गेली की पहिल्या डिसेंबरात सारे उघडकीस येते: चावी फिरवून फिरवून बॅटरी दमते, मागून पांढरा धूर निघतो आणि सुरू झालेले इंजिन मिनिटभर खडखडत राहते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बनविणे थांबविले. तेव्हा तिच्या ज्या डिझेल गाड्या आज धावत आहेत, त्यांच्यापैकी कित्येकींचे प्लग कारखान्यात बसविल्यापासून एकदाही हललेले नाहीत. खरी अडचण येथेच आहे.

दोष प्लगचाच आहे की काय, हे ठरविणे सोपे आहे. प्लगच्या डोक्यावरची तार काढून मल्टिमीटरने ते डोके आणि इंजिनाचे अंग ह्यांमधील रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध बहुधा एका ओहमच्या आसपास भरतो; मेलेल्या प्लगमध्ये वीज मुळीच वाहत नाही. कठीण काम ह्यानंतरचे.

प्लग पोलादाचा आणि तो ज्यात बसतो ते सिलिंडर हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे. दोन भिन्न धातू वर्षानुवर्षे चिकटून राहिले आणि त्यांत ओल शिरली की आट्यांमध्ये गंज धरतो. खालच्या बाजूने जळलेल्या तेलाची काजळी प्लगभोवतीच्या चिंचोळ्या फटीत ठासून बसते आणि दगडासारखी होते. कधी मेलेल्या प्लगचे टोक अतितापाने फुगलेले असते. आटे मोकळे झाले तरी ते भोकातून वर येत नाही. ह्यावर पान्याचा दांडा लांब करून जोर लावणे हा उपाय नव्हे, आणि घरोघरी नेमका तोच केला जातो.

प्लगचे अंग पोकळ व नाजूक असते. ८ मिलिमीटर आट्यांचा प्लग सुमारे २० न्यूटन-मीटरच्या पिळाने तुटू शकतो, १० मिलिमीटरचा सुमारे ३५ च्या. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी हा २० चा पिळ म्हणजे अवघा आठ किलोंचा भार, पाण्याच्या भरल्या कळशीएवढा. धडधाकट माणसाच्या हाताला तो जाणवतही नाही. म्हणून येथे टॉर्क पाना ही चैन नाही. तो ह्या मर्यादेच्या खाली लावून ठेवावा, आणि पाना ‘टक्’ असा आवाज करून सुटला की त्या दिवशी पुरे करावे.

जे काम बळाने होत नाही ते उष्णता आणि अवधी ह्यांनी होते. प्रथम प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवून लावावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग गंज सोडविणारे तेल रोज संध्याकाळी प्लगच्या मुळाशी सोडावे आणि दिवसा गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. आठवडाभर असे केले तर तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात तेल थोडे थोडे खाली झिरपते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून इंजिन पुरते तापलेले असताना भोक प्लगच्या मानाने किंचित सैल होते. पाना लावावयाचा तो ह्याच वेळी. हातमोजे हवेत, आणि बॅटरीची ऋण तार आधी काढलेली हवी, कारण तापलेल्या गाडीचा पंखा आपल्या आप फिरू लागतो. काही कारागीर प्लगलाच वेगळ्या तारेने वीज देऊन तो तापवितात. जुन्या १२ व्होल्टच्या प्लगांना ते चालते. नव्या गाड्यांतील पाच-सात व्होल्टचे प्लग मात्र बॅटरीला थेट जोडले की जळून जातात.

पहिला करकर आवाज आला की उत्साहाने पुढे फिरवीत सुटू नये. पाव फेरा सैल करावा, पुन्हा थोडा आवळावा, तेल सोडावे, पुन्हा सैल करावा. एका प्लगला तासभर लागला तरी तो तास स्वस्त पडतो. कारण प्लग तुटला तर उरलेला भाग कोरून काढण्यास खास साधने लागतात, आणि तेही न साधले तर हेड उतरवून लेथच्या कारखान्यात न्यावे लागते. चार प्लगांच्या किमतीचे काम तेथे कित्येक पटींनी महाग होते. टोक सिलिंडरमध्ये पडल्याचा नुसता संशय असला तरी इंजिन सुरू करू नये. पिस्टनची व झडपांची गत त्या एका तुकड्याने होते. वाटेत तेलाच्या उच्च दाबाच्या नळ्या येत असतील, तर घरगुती प्रयत्न तेथेच थांबवावा. कॉमन रेल इंजिनात त्या नळ्यांमधील दाब हजार बारांहून अधिक असतो, आणि त्या सोडविणे हे सुट्टीच्या दिवसाचे काम नव्हे.

प्लग निघाला की नवा लगेच बसविण्याचा मोह होतो. तो आवरून आधी ग्रीस लावलेल्या रीमरने भोकातील काजळी खरवडून काढावी. ती ग्रीसला चिकटून बाहेर येते. नव्या प्लगच्या दांड्याला उष्णतेत टिकणारे ग्रीस अगदी पातळ लावावे, टोकाला मात्र लावू नये. प्लग प्रथम बोटांनीच फिरवावा. मग टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंतच आवळावा. १० मिलिमीटरच्या प्लगला ते माप बहुधा १५ न्यूटन-मीटरच्या जवळपास असते. शेवटी तार बसवून बॅटरी जोडावी, इंजिन सुरू करावे आणि प्लगच्या मुळाशी कान द्यावा. तेथे फुस्स फुस्स असा आवाज येत असेल तर प्लग आपल्या बैठकीवर नीट टेकलेला नाही, आणि त्या फटीतून काजळी पुन्हा वर चढू लागली आहे.