नवें यंत्र, जुनीं अक्षरें
सांगलीच्या आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनीं २००६ सालीं संगणकावर उतरविलेला कुलवृत्तांत गेल्या मासांत आम्हीं साताऱ्यास नव्या यंत्रावर उघडला, तों पानोपानीं रोमन अक्षरांचा निरर्थक बुजबुजाट! ‘विंडोज १०’ ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, म्हणून चिरंजीवांनीं यंत्र बदललें. जुना लिपिसंच त्यावर चालेना.

मजकूर वस्तुतः नष्ट झालेला नव्हता. ते जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक अंकांवरच देवनागरी चित्रें बसवीत; चित्रें गेलीं कीं मागें इंग्रजी उरे. युनिकोडनें १९९१ सालींच देवनागरीस स्वतंत्र स्थान दिलें खरें, परंतु आमच्या घरीं तें कोणास ठाऊक!

रूपांतर करूं गेलों, तर ऱ्हस्व इकार रुसला. जुन्या पद्धतींत वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधीं येई. युनिकोडमध्यें ती उच्चाराप्रमाणें नंतर. रफाराचें नेमकें उलट. युनिकोडनें वैयाकरणांचा पक्ष घेतला, असें आम्ही म्हणतों. सूनबाईंस तें कौतुक पटत नाहीं.

सध्यां सांगलीच्या जुन्या यंत्रावरून छापून आणलेलीं पानें समोर ठेवून एकेक नांव ताडून पाहत आहों. पणजोबांच्या बहिणींचीं नांवें अन्यत्र कोठेंही लिहिलेलीं नाहींत.