टपालाच्या आज्ञावलीची ठिगळे

विद्युत् टपाल पत्र लिहिणाऱ्याच्या यंत्रावरून निघून वाचणाऱ्याच्या पेटीत पडते. मधल्या मार्गावर टपाल कचेरीचे काम एखाद्या आज्ञावलीला करावे लागते: पत्र स्वीकारावयाचे, पुढचा मुक्काम शोधावयाचा, पत्ता न लागल्यास पत्र परत धाडावयाचे. अमेरिकन गणितज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी रचलेली ‘क्यूमेल’ ही अशीच एक आज्ञावली होय. त्या काळी रूढ असलेल्या ‘सेंडमेल’मध्ये सुरक्षेचे दोष वरचेवर आढळत. म्हणून बर्नस्टाइन यांनी हे काम परस्परांवर विश्वास न टाकणाऱ्या लहान लहान भागांत वाटून दिले, आणि सुरक्षेतील छिद्र दाखवील त्याला ५०० डॉलरांचे बक्षीस १९९७ साली जाहीर केले. १९९८ च्या जूनमध्ये १.०३ ही आवृत्ती निघाली. पुढची आवृत्ती त्यांनी काढलीच नाही.

जग मात्र थांबले नाही. मूळ आज्ञावली कोणीही जशीच्या तशी वाटावी, परंतु फेरफार केलेली प्रत वाटण्यास कर्त्याची संमती हवी, असा दंडक होता. तेव्हा वापरणाऱ्यांनी प्रत न वाटता केवळ फरक वाटण्यास आरंभ केला. कोणती ओळ गाळावी, तेथे कोणती घालावी, एवढेच सांगणारे ते टिपण. त्याला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. ते मूळ मजकुरावर बसविण्याचे साधन लॅरी वॉल यांनी १९८५ सालीच करून ठेवले होते. सदरा शिंप्याचाच, कापडाचा तुकडा शेजाऱ्याचा, आणि सुईदोरा ज्याचा त्याने धरावयाचा!

अशा ठिगळांची निकड किती होती, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. क्यूमेलच्या दारात पत्र घेणाऱ्या भागाला आत कोण राहते हे ठाऊक नसे. सुरक्षेसाठीच ती विभागणी होती. त्यामुळे त्या घरच्या नावाने आलेले कोणतेही पत्र तो घेई आणि मागाहून, असा मनुष्य येथे नाही, म्हणून परत पाठवी. भामट्यांनी पाठविणाऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचा पत्ता घालून काल्पनिक नावांना पत्रे धाडली, की परतीचा सारा ढीग त्या निरपराध माणसाच्या पेटीत येऊन पडे. पाठविणारे यंत्रही बदनाम होई, आणि मग त्याची खरी पत्रेही इतर ठिकाणी नाकारली जात. राहणाऱ्यांची यादी दारातच ठेवून परक्या नावाला तेथेच नकार देणारे ठिगळ लोकांनी लावले ते या जाचामुळे. जो गुण म्हणून योजिला, त्यातूनच हा उपद्रव निघाला होता. पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची, पत्र गुप्त लिपीत नेण्याची अशी इतरही ठिगळे झाली.

दोन ठिगळे एकाच ओळीवर आली की दुसरे बसत नाही. ते हातानेच शिवावे लागते. त्यासाठी ‘नेटक्यूमेल’ हा निवडक संच सिद्ध झाला. शिवाय कर्त्याची हमी परक्या ठिगळाला लागू नव्हती. २०२० साली क्वालिस या संस्थेच्या संशोधकांना पत्ते पडताळणाऱ्या अशाच एका ठिगळात दोष सापडले. मूळ आज्ञावलीत २००५ साली दाखविलेला आणि कर्त्याने व्यवहारात निरुपद्रवी मानलेला दोषही घातक ठरू शकतो, हेही त्यांनीच त्या वेळी सिद्ध केले.

२००७ च्या नोव्हेंबरात बर्नस्टाइन यांनी आपला हक्क सोडून क्यूमेल सर्वांना मोकळी केली. २०१९ साली काही जणांनी मिळून ‘नॉटक्यूमेल’ या नावाने तिची पुढची आवृत्ती काढली.