बिघाड एकच, तोही आपण केलेला

उंदराला प्रोस्टेटचा कर्करोग आपणहून जवळजवळ होतच नाही. मग या रोगाचा अभ्यास त्याच्यावर कशाला? माझ्या मते नेमकी हीच त्याची सोय आहे. माणसाच्या गाठीत कितीतरी जनुके एकदम बिघडलेली सापडतात; त्यांतली चोर कुठली आणि नुसती बघी कुठली, ते कळत नाही. उंदरात बिघाड आपणच करतो, म्हणून तो ठाऊक असतो. ‘पीटेन’ हे जनुक सगळ्या शरीरातून काढले तर पिल्लू गर्भातच दगावते. म्हणून एका उंदराच्या पीटेनभोवती कापायच्या खुणा घालतात, तर दुसऱ्यात कापणारे ‘क्री’ हे प्रथिन, तेही प्रोस्टेटच्या पेशींत पुरुषी संप्रेरकाने चालू होणाऱ्या कळीला जोडून. त्यांच्या वंशातल्या पिल्लांच्या शेपटीचा कणभर तुकडा तपासला की दोन्ही कोणात उतरले ते समजते. अशा पिल्लाचे पीटेन तिथे कापले जाते ते वयात येताना.

पीटेन हा ब्रेक आहे. वाढीचा संदेश आला की पेशीच्या पडद्यातल्या एका स्निग्ध रेणूला फॉस्फेट चिकटतो, त्याने ‘एकेटी’ हे प्रथिन जागे होते आणि पेशी वाढत सुटते. पीटेन तो फॉस्फेट उतरवते. ब्रेक गेला की गाडी दरीतच जाणार, असे वाटेल. पण न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत पँडॉल्फी यांच्या गटाला 2005 साली वेगळेच दिसले. नुसते पीटेन काढल्यावर गाठ आली, पण संथ: ‘पी-53’ या दुसऱ्या रक्षक जनुकाने पेशींना अकाली म्हातारे करून थोपवले होते. नुसते पी-53 काढले तर गाठच नाही. दोन्ही काढलेले उंदीर मात्र सात महिन्यांत दगावले. रुग्णाच्या बायोप्सीतून हा क्रम कसा उलगडणार?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप खराच आहे. त्याच्या प्रोस्टेटचे खंड सुटे असतात, आणि रुग्णांना छळणारा हाडांतला प्रसार त्याच्यात क्वचितच होतो. औषधांचे काय, असेही विचारले जाते. स्लोन केटरिंगमध्येच 2011 साली सॉयर्स यांच्या गटाला पीटेन नसलेल्या उंदरांत दिसले, की संप्रेरकाचा मार्ग अडवला तर एकेटीचा जोर धरतो आणि तो अडवला तर पहिला. दोन्ही अडवल्यावर गाठी आटल्या. पुढे 1,101 रुग्णांना संप्रेरकाचा मार्ग अडवणाऱ्या अबिराटेरोनबरोबर एकेटी रोखणारे इपाटासर्टिब किंवा त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली गेली. पीटेन गमावलेल्यांत रोग बळावेपर्यंतचा काळ 16.5 वरून 18.5 महिन्यांवर गेला. आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. दोनच महिने! पण दोन मार्ग एकमेकांना सावरतात का, एवढेच उंदराला विचारले होते. त्याच्यात पीटेनच बिघडले होते. सत्तरीच्या माणसाच्या गाठीत आणखी काय काय बिघडलेले असते, ते त्याला कोणी विचारलेच नव्हते.