पगाराचे पैसे कोण देणार?

२०२१-२२ या वर्षात भारतात आरोग्यावर झालेला एकूण खर्च माणशी ६,६०२ रुपये होता. सरकार, विमा, कंपन्या आणि कुटुंबं या सगळ्यांचा मिळून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यातल्या या आकड्यापैकी ३९.४ टक्के, म्हणजे सुमारे २,६०० रुपये, कुटुंबांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले. आता शेजारी दुसरा आकडा ठेवू. २०२२-२३ मध्ये कंपन्यांनी सीएसआरखाली, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या सामाजिक खर्चाखाली, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, खेळ असं सारं धरून सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले. वर्ष वेगळं आहे, पण अंदाजाला पुरेसं आहे. १४० कोटी लोकांत ही रक्कम वाटली तर माणशी २१४ रुपये पडतात आणि त्यातला एक हिस्साच आरोग्याचा.

देणग्यांच्या जोरावर सरकारी दवाखान्याची उणीव भरून काढता येईल, ही आशा इथेच सोडून द्यावी लागते. तरीही गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थेला मिळालेलं अनुदान एखाद्या तालुक्याचं चित्र पालटू शकतं, असं मी ठामपणे म्हणतो. फक्त त्यात रकमेइतकंच महत्त्व दोन गोष्टींना आहे: ते किती वर्षांसाठी मिळालं आणि कशावर खर्च करायला मुभा होती.

गडचिरोलीचं उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे जगभर तपासले गेले आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं हे शिकवलं. १९९३ ते ९५ या काळात या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, हा आकडा २५.५ वर आला. ज्या ४७ गावांत ही सेवा नव्हती तिथे तो ५८ वरून ५९.६ झाला, म्हणजे जिथल्या तिथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी सुमारे १७ जात, ती तीनवर आली. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, तेव्हाच्या दराने दोनशे रुपयांच्या आसपास. सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे गर्भातला किंवा जन्मानंतरचा एक मृत्यू टळला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या घरभेटींतून ही पद्धत देशभर गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात आणि या सगळ्या भेटींचे मिळून आशाच्या हातात २५० रुपये.

या यशातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग टाळ्यांच्या वेळी कुणाला आठवत नाही. आधीची दोन वर्षं फक्त मोजणीची होती. किती जन्मली, किती गेली, कशाने गेली, याची गावोगाव नोंद. एकही बाळ वाचल्याचं दाखवता येणार नाही, अशा काळाचाही खर्च कुणीतरी उचलला होता. मोजणी सुरू झाल्यापासून निकाल हाती येईपर्यंत पाच वर्षं गेली. वर्षभराचं अनुदान असतं, तर काम पायाच्या आकडेवारीशीच थांबलं असतं.

आता एका काल्पनिक तालुक्याचा हिशेब मांडू. आकडे माझे आहेत, पण असं काम चालवणाऱ्याला ते परके वाटणार नाहीत. समजा ४० गावं आहेत आणि प्रत्येकी हजार वस्ती. प्रत्येक गावात एक आरोग्यसेविका, महिना सहा हजार मानधन: वर्षाला २८ लाख ८० हजार. वीस हजारांवर चार पर्यवेक्षिका: ९ लाख ६० हजार. नव्वद हजारांवर एक डॉक्टर: १० लाख ८० हजार. पंचवीस हजारांवर एक हिशेबनीस: ३ लाख. औषधं, जीपचं डिझेल, छपाई यांना आठ लाख. बेरीज ६० लाख २० हजार. म्हणजे ४० हजार लोकांमागे माणशी वर्षाला दीडशे रुपये.

या ६० लाखांतले ५२ लाख २० हजार माणसांच्या हातात जातात. सत्याऐंशी टक्के! गावातलं आरोग्याचं काम म्हणजे मुळात रोज दारोदार जाणारी माणसं. व्यसनमुक्तीचं केंद्र घ्या, मतिमंद मुलांची शाळा घ्या, एकट्या वृद्धांना डबा पोचवणारी संस्था घ्या, प्रमाण थोडंफार बदलेल, पण पगाराचा वाटा सर्वांत मोठाच राहील. आणि देणाऱ्याला मात्र रुग्णवाहिका द्यायची असते. रुग्णवाहिकेवर नाव लिहिता येतं. पर्यवेक्षिकेच्या पगारावर कुणाचं नाव लिहिणार?

दात्याची ही आवड समजून घेता येते. जास्त चिंतेची गोष्ट ही की नियमांचा कलही तिकडेच आहे.

सीएसआरचा नियम पाहा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. अनेक वर्षांच्या प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांची मुदत, म्हणजे फार तर चार. गडचिरोलीच्या निकालाला पाच लागली होती. २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत सीएसआरचा पैसा टाकता येत नाही. शिवाय कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. पुणे, रायगड, ठाण्याला हे सोयीचं. ज्या तालुक्यात कारखान्याची चिमणीच नाही, तिथल्या बाळाला कोणाचा परिसर म्हणायचं?

परदेशातून येणाऱ्या पैशाचं गणित परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर फार आवळलं गेलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत हे खरं, पण कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, व्यवस्थापक धरले जातात. त्याहून मोठा घाव दुसरा आहे: परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था कागदपत्रांचा भार स्वतः उचलून पैसे मेळघाटातल्या किंवा नंदुरबारमधल्या छोट्या संस्थेपर्यंत पोचवू शके. ती वाट बंद झाली. छोट्या संस्थेने स्वतः नोंदणी करावी म्हटलं, तर तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. मराठी वाचकाने आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. न्यू जर्सीतल्या काकांकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्यांनी बँकेतून पाठवलेली स्वतःची बचत परदेशी देणगी ठरत नाही. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तोच चेक परदेशी ठरतो. १९७८ साली अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशन उभं केलं. तशा प्रत्येक प्रयत्नाला ही रेघ ओलांडूनच इकडे यावं लागतं.

देशांतर्गत अनुदानालाही कात्री आहे. न्यासाला करसवलत हवी असेल तर उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च करावे लागतात, उरलेले १५ राखता येतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या शंभर रुपयांतले फक्त ८५ खर्च म्हणून मोजले जातात. हिशेब करून पाहा. निव्वळ अनुदानं देणाऱ्या न्यासाला ८५ चा आकडा गाठायला मिळालेले सगळे १०० वाटून टाकावे लागतात. अडीअडचणीच्या वर्षासाठी तो काही राखू शकत नाही. स्वतः काम करणाऱ्या न्यासावर हे बंधन नाही. छोट्या संस्थांना हात देणाऱ्यालाच हे बंधन असावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

एखाद्या गावाने किंवा शहराने आपला पैसा एकत्र करून आपल्याच संस्थांना वाटावा, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने तसा पहिला निधी उभारला. मृत्युपत्रात अडकून पडलेले, हेतू कालबाह्य झालेले पैसे स्थानिक समितीने गरज बघून वाटावेत, हा त्याचा विचार होता. तिथले असे निधी मुद्दल राखून वाढाव्यावर चालतात. आपल्या तालुक्याचे ६० लाख सहा टक्के व्याजातून उभे करायचे, तर मुद्दल दहा कोटी लागेल. ते तालुक्याच्या गावात जमणं कठीण.

आपल्याकडे वेगळा नमुना आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आपल्या प्रतिष्ठानातून दिलेले एक लाख रुपये होते. व्यसन हा आजार आहे हे तेव्हा फार थोड्यांना पटत होतं, यश मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. अशा वेळी माणसांवर विश्वास टाकून दिलेली ती रक्कम होती. तिच्याने केंद्र आयुष्यभर चाललं नाही, चालणारही नव्हतं. पण ते सुरू झालं आणि पुढे हजारो कुटुंबं त्या दारातून गेली. मोठा सरकारी निधी अशा पहिल्या पावलाला क्वचितच मिळतो, कारण त्याला दाखवायला मागचं काम लागतं.

दहा कोटींच्या मुद्दलाऐवजी हजार माणसं धरून पाहू. प्रत्येकाने महिना ५०० रुपये दिले तर वर्षाला ६० लाख होतात, म्हणजे तालुक्याचा जवळजवळ सगळा खर्च. तालुक्यातले शिक्षक, दुकानदार, डॉक्टर, शिवाय पुण्या-मुंबईला गेलेली मुलं धरली तर हजार हा अशक्य आकडा नाही. या पैशाला कंपनीचा परिसर नाही, चार वर्षांची मुदत नाही. पर्यवेक्षिकेचा पगार त्यातून बिनदिक्कत देता येतो. दात्यांना आपली आरोग्यसेविका नावाने माहीत असते. ती महिनाभर आली नाही तर ते विचारतात, आणि एवढी देखरेख दिल्लीहून आलेल्या कुठल्याही फॉर्मने होत नाही.

करसवलतीच्या भरवशावर मात्र हा निधी उभा करू नये. जुन्या करपद्धतीत ‘८० जी’खाली निम्म्या देणगीची वजावट मिळते. वर्षाच्या ६,००० रुपयांवर ३० टक्क्यांच्या गटातल्या माणसाचे उपकर धरून ९३६ रुपये वाचतात. नव्या करपद्धतीत शून्य, आणि २०२३-२४ पासून नवी पद्धतच आपोआप लागू होते. दोन हजारांच्या वरची रोख देणगी तर जुन्या पद्धतीतही वजावटीला चालत नाही.

हजारातले दोनशे दाते दर वर्षी गळतील असं धरून चालावं. तेवढे नवे शोधायचे, प्रत्येकाला पावती पोचवायची, दर वर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांचं विवरणपत्र आयकर खात्याला भरायचं, मग प्रत्येकाचं प्रमाणपत्र काढायचं. हे सगळं तो पंचवीस हजारांवरचा हिशेबनीस करतो. वरच्या हिशेबातले त्याचे तीन लाख बहुतेक अनुदानं सर्वांत आधी खोडतात. हजार जणांच्या निधीने ते सर्वांत आधी द्यावेत.